फाटकाचे दिवे : आज्ञा नियंत्रकाची, वीज निराळ्या वाटेने

गावापासून दूर, आपल्याच शेतात वस्ती करून राहणे ही महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. अशा वस्त्यांवर अलीकडे एका नव्या साधनाची भर पडू लागली आहे. विजेच्या मोटारीने उघडणारे व मिटणारे फाटक हे ते साधन होय. द्राक्ष-डाळिंबाच्या बागा, कुक्कुटपालनाची आवारे, माल भरण्याच्या शेडी आणि दुग्धव्यवसायाचे मोठे गोठे येथे ही फाटके आता दिसतात. ट्रॅक्टर चालविणाऱ्याने खाली न उतरता बटण दाबावे आणि फाटक उघडावे, ही सोय खरोखरच मोठी आहे.

परंतु फाटक उघडले तरी अंधार तसाच राहतो. म्हणून फाटक उघडताच वाटेवरील दिवे आपोआप लागावेत, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. हे काम अवघड नाही आणि फार खर्चाचेही नाही. मात्र ते चुकीच्या रीतीने केल्यास फाटकाचा नियंत्रक जळतो. आणि त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात लोखंडी फाटकातच वीज उतरण्याचा धोका निर्माण होतो. यासाठी या जोडणीमागील तत्त्व शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अंधाराची किंमत

शेतवाटेवरील अंधार ही केवळ गैरसोय नव्हे. २००० ते २०१९ या काळातील मृत्यूंचा अभ्यास करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मृत्यू पावली. यांतील बहुतेक ग्रामीण भागातील होती, आणि सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घडले. घोणस आणि फुरसे हे साप पायवाटेवर, पाचोळ्यात व दगडांच्या आडोशाला पडून राहतात. मण्यार तर रात्रीच हिंडते. पाय कोठे पडतो हे दिसले, तर पुष्कळसे दंश टळू शकतात.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात उसाच्या आश्रयाने बिबट्याचा वावर असतो. दिवा बिबट्याला हाकलून लावीत नाही. परंतु फाटकापासून घरापर्यंतची वाट स्पष्ट दिसत असेल, तर खाली उतरण्यापूर्वी माणूस पाहू शकतो आणि सावध राहू शकतो. ट्रॉली मागे घेताना चाकाजवळ एखादे मूल किंवा वासरू आले आहे काय, हेही उजेडातच कळते.

रात्रभर दिवा का नको

मग दिवा रात्रभर जळत ठेवला तर काय बिघडले, असा प्रश्न कोणीही विचारील. याचा हिशेब मांडून पाहावा. समजा, फाटकापासून घरापर्यंत ६० मीटरची वाट आहे व तीवर ९ वॅटचे चार एलईडी दिवे आहेत. एकूण भार ३६ वॅट झाला. हे दिवे बारा तास जळल्यास वर्षाकाठी सुमारे १५८ युनिट वीज लागते. तेच दिवे फाटक उघडल्यावर तीन-तीन मिनिटे याप्रमाणे रात्रीतून वीस वेळा लागले, तर एकूण एक तास जळतील आणि वर्षाला सुमारे १३ युनिट पुरतील.

पैशाखेरीज दुसरेही कारण आहे. सोयाबीन हे दिवस लहान होऊ लागल्यावर फुलावर येणारे पीक आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या उजेडात उभी असलेली सोयाबीनची झाडे उशिरा फुलतात. शेतातील बाकीचे पीक वाळले तरी दिव्याखालचा पट्टा हिरवाच राहतो. शेवंतीचे उत्पादक याच गुणाचा उपयोग करून, रात्री दिवे लावून फुलोरा लांबवितात. जे शेवंतीत हेतुपूर्वक केले जाते, ते सोयाबीनच्या बांधावर नकळत होऊ नये. शिवाय सतत जळणाऱ्या दिव्यावर किडे-पतंग गोळा होतात व त्यांच्यामागे बेडूक आणि साप येतात. म्हणून हवा तेव्हाच लागणारा आणि काम होताच विझणारा दिवा सर्व दृष्टींनी हितावह आहे.

नियंत्रक म्हणजे काय

फाटकाच्या मोटारीजवळ एका पेटीत जी पट्टी बसविलेली असते, तिला नियंत्रक म्हणतात. हातातील रिमोटची खूण ओळखणे, मोटार सुरू व बंद करणे, आणि फाटकाच्या वाटेत काही आडवे आल्यास ते थांबविणे, ही याची कामे. पुष्कळशा फाटकांच्या मोटारी २४ व्होल्ट दाबावर चालतात. वीज गेली तरी फाटक उघडावे म्हणून पेटीत १२ व्होल्टच्या दोन लहान बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात.

या पट्टीवर बारीक स्क्रूंची एक ओळ असते. त्यांत साधारणतः तीन जागा दिव्यांशी संबंधित असतात. पहिली, फाटक हलत असताना लुकलुकणाऱ्या इशाऱ्याच्या दिव्याची. दुसरी, वाटेवरच्या दिव्याची. फाटक उघडू लागले की ही जागा स्थिरपणे कार्यान्वित होते. तिसरी, जोडसाधनांना २४ व्होल्ट पुरविणारी. सर्वच नियंत्रकांवर दुसरी जागा असते असे नाही. म्हणून खरेदीपूर्वीच माहितीपत्रक पाहावे.

येथेच नेहमीची चूक होते. दिव्याची जागा दिसताच तेथे थेट घरातील २३० व्होल्टची वायर आणून जोडली जाते. वाटेवरच्या दिव्याची ही जागा पुष्कळदा केवळ एका बारीक स्विचसारखी असते आणि तिची सहनशक्ती माहितीपत्रकात दिलेली असते. त्या मर्यादेबाहेरचा भार पडला की पट्टीवरील संपर्क चिकटतात अथवा जळतात. एलईडी दिव्यांचा भार थोडा असला तरी, ते लागण्याच्या क्षणी त्यांच्यातून पुष्कळ मोठा प्रवाह क्षणभर वाहतो, हेही ध्यानात ठेवावे. नियंत्रक जळाला म्हणजे केवळ दिवे जात नाहीत, तर फाटकच बंद पडते. आणि ते बहुधा अवेळीच पडते.

पंपाच्या स्टार्टरचा धडा

या अडचणीवरचा उपाय शेतकऱ्याच्या रोजच्या परिचयाचा आहे. विहिरीवरील पंपाच्या स्टार्टरचे हिरवे बटण दाबले, तर मोटारीचा सारा प्रवाह त्या बटणातून वाहत नाही. बटणातून अगदी थोडा प्रवाह आतील कॉइलला मिळतो. कॉइल लोखंडी तुकडा ओढून घेते, जाड संपर्क जुळतात आणि त्या संपर्कांतून मोटारीला वीज जाते. बटण आज्ञा देते. वीज निराळ्या वाटेने येते.

फाटकाच्या दिव्यांसाठी हेच काम लहान प्रमाणावर करणारे साधन म्हणजे रिले. नियंत्रकाने रिलेला आज्ञा द्यावी आणि रिलेने दिव्यांची वीज जोडावी किंवा तोडावी. नियंत्रकाकडील २४ व्होल्ट आणि दिव्यांकडील २३० व्होल्ट यांची गाठ कोठेही पडता कामा नये. संपूर्ण जोडणीचे सार एवढ्यातच आहे.

साध्या रिलेऐवजी वेळ राखणारा रिले, म्हणजेच टायमर रिले, घेणे अधिक चांगले. कित्येक नियंत्रकांवरील दिव्याची जागा फाटक हलत असेपर्यंतच, म्हणजे थोडेच सेकंद, कार्यान्वित राहते. तेवढ्यात ट्रॅक्टर घरापर्यंत पोहोचत नाही. आज्ञा संपल्यावरही तीन मिनिटे दिवे चालू ठेवील असा टायमर बसविला, म्हणजे माणूस उतरून दार उघडीपर्यंत उजेड राहतो.

जोडणीचा क्रम

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. तथापि तो काय करीत आहे हे घरधन्याला कळावे, यासाठी क्रम पुढे दिला आहे.

१. प्रथम मेन स्विच बंद करावा, फाटकाच्या बॅटऱ्यांची वायर सोडवावी आणि टेस्टरने वीज नसल्याची खात्री करावी. मेन बंद असतानाही बॅटरीवर फाटक हलू शकते व हात सापडू शकतो, हे विसरू नये.

२. टायमर रिले २४ व्होल्टचा घ्यावा. त्याला नियंत्रकावरील जोडसाधनांच्या जागेवरून २४ व्होल्ट द्यावेत. अधिक आणि उणे यांची अदलाबदल होऊ देऊ नये.

३. नियंत्रकावरील वाटेच्या दिव्याची जागा केवळ स्विचसारखी असेल, तर तिच्या दोन वायरी टायमरच्या आज्ञेच्या जागेवर जोडाव्यात. त्या जागेतून स्वतः २४ व्होल्ट बाहेर येत असतील, तर मध्ये एक छोटा रिले घालावा आणि त्याच्या कॉइलवर उलट दिशेने एक डायोड जोडावा. कॉइल बंद होताना जो उलटा झटका निर्माण होतो, तो डायोड जिरवितो व पट्टी वाचते.

४. लुकलुकणाऱ्या दिव्याच्या जागेवरून आज्ञा घेऊ नये. तेथील वीज क्षणोक्षणी येते व जाते. त्यामुळे रिले टकटकत राहतो आणि लवकर निकामी होतो.

५. दिव्यांच्या बाजूला, मेन बोर्डावरून निघालेली फेज प्रथम दिवस-रात्र ओळखणाऱ्या स्विचमध्ये न्यावी, तेथून टायमरच्या कॉमन संपर्कात आणि त्याच्या एन.ओ. संपर्कातून दिव्यांकडे. न्यूट्रल थेट दिव्यांना जाईल. तोडायची ती नेहमी फेजच. न्यूट्रल तोडून फेज तशीच ठेवली, तर विझलेल्या दिव्यातही वीज राहते.

अशा जोडणीत दिवे लागण्यास दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात : अंधार असला पाहिजे आणि फाटक उघडले पाहिजे. भर दुपारी फाटक शंभर वेळा उघडले तरी दिवा लागणार नाही.

दिवस-रात्र स्विच बसविताना त्याचे तोंड आकाशाकडे असावे व वाटेवरील दिव्याचा उजेड त्यावर पडू नये. तसा उजेड पडल्यास दिवा लागताच स्विचला दिवस उगवला असे वाटते. तो दिवा विझवितो, पुन्हा अंधार होतो, पुन्हा दिवा लागतो, आणि हा खेळ चालूच राहतो. दुकानात या स्विचला फोटोसेल म्हणतात. परंतु फाटकाच्या दोन खांबांवर समोरासमोर बसविलेल्या आणि मध्ये कोणी आल्यास फाटक थांबविणाऱ्या डोळ्यांनाही तेच नाव आहे. ही दोन साधने सर्वस्वी भिन्न आहेत. दिव्यांसाठी जागा किंवा वायर हवी म्हणून सुरक्षेच्या डोळ्यांची जोडणी कोणीही सोडवू नये. मुलाबाळांचे रक्षण त्यांवरच अवलंबून असते.

केबलची निवड

कमी दाबाचे दिवे सुरक्षित म्हणून १२ व्होल्टचे दिवे घेण्याकडे कल असतो. ते योग्यच आहे. पण लांबीचा विचार करावा. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध एका किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. ६० मीटरची वाट म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर तार. आपल्या उदाहरणातील ३६ वॅट भार सर्व शेवटच्या टोकाला आहे असे धरले, तर १२ व्होल्टवर ३ अँपिअर प्रवाह वाहील व वाटेत सुमारे २.७ व्होल्ट गळतील. शेवटच्या दिव्याला जेमतेम ९.३ व्होल्ट मिळतील व तो मंद पडेल. २४ व्होल्टवर गळती १.३ व्होल्टच होते आणि ती चालण्यासारखी असते. २३० व्होल्टवर ती अगदीच नगण्य असते, परंतु धोका मोठा असतो.

जमिनीतून नेण्याची २३० व्होल्टची केबल लोखंडी कवचाची, म्हणजे आर्मर्ड असावी. ती सुमारे ७५ सेंटिमीटर खोल चरात वाळूच्या थरावर पसरावी, वर पुन्हा वाळू व विटा घालाव्यात आणि मग माती लोटावी. नांगर, रोटाव्हेटर अथवा ट्रॉलीचे चाक यांपासून तिचे असे रक्षण होते. जागा कोठे आहे हे कळण्यासाठी बांधावर खूण ठेवावी. २४ व्होल्टच्या वायरी निराळ्या पाइपातून न्याव्यात. दोन्ही एकाच पाइपात कोंबू नयेत.

पाऊस आणि लोखंडी फाटक

फाटक लोखंडाचे, जमीन ओली आणि माणूस अनवाणी, अशा वेळी थोडी गळतीही प्राणघातक ठरते. बोर्डावरील एमसीबी याबाबत उपयोगी पडत नाही. ६ अँपिअरचा एमसीबी त्याहून अधिक प्रवाहावर तुटतो. माणसाचा जीव मात्र त्याच्या शंभराव्या हिश्शाइतक्या प्रवाहानेही जाऊ शकतो. म्हणून या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अवश्य बसवावा. गेलेला व परतलेला प्रवाह यांत एवढा फरक पडताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. एक मर्यादा मात्र ध्यानी ठेवावी : एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला आरसीसीबीही वाचवू शकत नाही.

फाटक, खांब व मोटारीचे आवरण ही सर्व अर्थिंगच्या तारेने जोडलेली असावीत. न्यूट्रललाच अर्थिंग समजून फाटकाला जोडणे ही अत्यंत घातक चूक आहे. न्यूट्रल कोठे तुटल्यास संपूर्ण फाटकात वीज उतरते. गुरांना तर माणसापेक्षाही कमी दाबाचा धक्का मारक ठरतो, ही गोष्ट गोठेधारकांनी विशेष लक्षात घ्यावी.

दिवे आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ व पाण्याच्या फवाऱ्यापासून बंदिस्त असावेत. केबल पेटीत नेहमी खालच्या बाजूने घ्यावी व ग्लँडने आवळावी. न वापरलेली भोके बुजवावीत. त्यांतून मुंग्या, पाली व पाणी आत शिरतात आणि पट्टी खराब होते.

वीज कोठून घ्यावी

पंपाच्या जोडणीवरून वाटेचे दिवे काढू नयेत. ती जोडणी पंपासाठी दिलेली असते व तिचा दरही वेगळा असतो. शिवाय शेतीच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच असते. ज्या वेळी दिवा हवा, नेमका त्याच वेळी तो लागणार नाही. घराच्या मीटरवरून स्वतंत्र एमसीबी घालून वीज घ्यावी.

जेथे वीज वारंवार जाते, तेथे २४ व्होल्टचे दिवे स्वतंत्र बॅटरीवर चालविणे श्रेयस्कर. अशा वेळी दिवस-रात्र स्विचही २४ व्होल्टचाच घ्यावा व बॅटरीजवळ फ्यूज घालावा. ३६ वॅटच्या दिव्यांना २४ व्होल्टवर दीड अँपिअर लागतात. रात्रीतून एकूण एक तास जळण्यास दीड अँपिअर-तास पुरतात. ७ अँपिअर-तासाच्या बॅटऱ्या तेवढे सहज देतात. तेच दिवे सतत जळत राहिले, तर त्याच बॅटऱ्या पाच तासांच्या आत रित्या होतील. फाटकाच्या स्वतःच्या बॅटऱ्यांवर मात्र हा भार टाकू नये. दिव्यांनी त्या संपविल्या, तर वीज नसताना फाटक उघडणार नाही.

तपासणी व कार्यकर्त्यांचे काम

काम पूर्ण झाल्यावर संध्याकाळी तपासणी करावी. दिवस-रात्र स्विच झाकून फाटक उघडावे. दिवे लागून ठरलेल्या वेळाने विझले पाहिजेत. स्विच उघडा ठेवून फाटक उघडावे. दिवे लागता कामा नयेत. मेन बंद करून फाटक बॅटरीवर उघडते का ते पाहावे. बॅटरीही संपली तर किल्लीने मोटार सोडवून फाटक हाताने कसे ढकलावे, हे घरातील बायामाणसांना व मुलांना दाखवून ठेवावे. रात्री-बेरात्री आजाऱ्याला नेण्याची वेळ आली, तर बंद फाटक हाच अडथळा होऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वस्तीवर गेल्यास तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात : बोर्डावर आरसीसीबी आहे काय, फाटकाला अर्थिंग आहे काय, आणि नियंत्रकाच्या पट्टीत २३० व्होल्टची वायर थेट शिरली आहे काय. यांपैकी एक जरी दोष आढळला, तरी पावसाळ्यापूर्वी तो दूर करून घेण्यास सांगावे. तिन्ही गोष्टी ठीक असतील, तर दाट काळोख्या रात्री पिकांची राखण करून परतणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या दारापर्यंतची वाट निर्धास्तपणे चालता येईल.